खुराड्याची उंची

त्या उन्हाळ्यात गाब्रेश्निकमधली माणसं सावली सांभाळून चालत होती.

गावाची वस्ती एकशे बारा. त्यांतले एकशे दहा जण बारा ऑगस्टनंतर दुपारी एकच्या सुमारासच घराबाहेर पडू लागले, कारण त्या वेळी सावली पायाशी गोळा झालेली असते आणि तिच्यावर कोणाला दोरा धरता येत नाही. पोस्टमन आभाळ भरून आलं तरच टपाल वाटायचा. कुन्चो दुकानदाराने दाराबाहेर ताडपत्री ताणली आणि गिऱ्हाईक तिच्याखाली शिरेपर्यंत तो त्याच्याशी बोलत नसे. एकशे अकरावा माणूस ग्रोझदान. तो दिवसभर मनोऱ्यावर असायचा आणि खाली काय चाललंय याचा त्याला पत्ता नव्हता. एकशे बाराव्या होत्या सरपंच राल्काबाई. त्यांना सावली सांभाळायची गरजच उरली नव्हती. गावाच्या मते ती आधीच गेली होती, आणि ग्रोझदानच्या किल्ल्यात चिणलेली होती.

राल्काबाईंनी एकेचाळीस वर्षं गावच्या शाळेत गणित शिकवलं. शाळा बंद पडल्यावर गावाने त्यांना सरपंच केलं, कारण बेरजा चुकत नाहीत असं दुसरं माणूस गावात नव्हतं. अशा बाईंचा सावलीबिवलीवर विश्वास नसणार हे उघड होतं. तरी त्या दिवस मोजत होत्या. मोजायची सवय होती, एवढंच, असं त्या स्वतःला सांगत.

हे प्रकरण कळायचं तर ग्रोझदानचं आयुष्य थोडक्यात सांगावं लागेल. तो याच गावचा, शाळेत राल्काबाईंच्याच वर्गात शिकलेला, त्यांच्या मागच्या बाकावरचा. एकोणिसाव्या वर्षी वार्नाच्या बंदरात गेला आणि एकतीस वर्षं क्रेनच्या केबिनमध्ये बसला, जमिनीपासून चाळीस मीटर वर. चढायला-उतरायला वेळ जातो म्हणून जेवण वर, डुलकी वर. जहाजं, पेट्या, कप्तान, सगळं त्याने वरूनच पाहिलं. वेल्काशी लग्न ठरलं तेही तसंच. बंदरावरच्या खानावळीतून ती रोज डबे घेऊन जायची. भांग सरळ पाडते असं वरून दिसलं, म्हणून तो खाली उतरला.

निवृत्त होऊन गावी परतला आणि वडिलांच्या बैठ्या घरात त्याला झोप येईना. "जमिनीवर मला विहिरीत पडल्यासारखं होतं," असं तो म्हणायचा. तीन आठवडे तो परसातल्या अक्रोडाच्या झाडावर झोपला. वेल्का बादलीला दोरी बांधून त्याचं जेवण वर पाठवायची. चौथ्या आठवड्यात तिने बादली भरायचं बंद केलं, तेव्हा तो खाली आला आणि त्याने कोंबड्यांच्या खुराड्यासाठी परवानगीचा अर्ज केला.

तो अर्ज राल्काबाईंनीच लिहून दिला होता. पंचायतीचा कारकून त्या महिन्यात आजारी होता आणि गावात सुवाच्य अक्षर त्यांचंच. लांबी चार मीटर, रुंदी चार मीटर, भिंती नदीच्या दगडाच्या. उंचीची जागा त्यांनी कोरी सोडली. खुराड्याची उंची कोण विचारतं? तालुक्याहून कागद मंजूर होऊन आला, आणि तिथेही उंचीची जागा कोरीच होती.

ग्रोझदानने ती जागा भरायला घेतली. रोज न्याहारीआधी नदीवरून दगडांची एक ढकलगाडी, न्याहारीनंतर दोन. एकोणीस वर्षांत खुराडं सतरा मीटरवर गेलं. चार बाजूंना चार बुरूज आले. भंगारात काढलेल्या बसच्या खिडक्या बसल्या. पाटाच्या पाण्यावर गोठ्याच्या दाराचा उचलता पूल आला, तो चाक फिरवून वर घ्यायचा. प्रत्येक मजल्यावर कोंबड्या होत्या, कारण कागदावर खुराडं होतं आणि ग्रोझदान कागद पाळणारा माणूस. एकदा कुन्चोने त्याला विचारलं होतं, "काका, हा किल्ला बांधलास कोणासाठी रे? लढायला येणार कोण?"

"अजून कोणी आलं नाही ना? म्हणजे उपयोग होतोय," ग्रोझदान म्हणाला.

वेल्का मात्र बैठ्या घरातच राहिली. "किल्ल्यात चूल नाही," ती येणाऱ्याजाणाऱ्याला सांगायची. "म्हणून राजे दोन वेळा माझ्याकडे गिळायला येतात."

आता मिरच्या. पाटाच्या या बाजूला राल्काबाईंचा लाल मिरच्यांचा वाफा. गाब्रेश्निकमध्ये सप्टेंबरात अंगणाअंगणात मिरच्या भाजतात, सोलतात, बरण्या भरतात, आणि कोणाच्या किती बरण्या झाल्या यावर त्या घराची पत ठरते. राल्काबाईंच्या बरण्या एके वर्षी ऐंशी होत्या. मनोरा दहा मीटरचा झाला तेव्हा साठ झाल्या. सतराचा झाला तेव्हा एकोणतीस. मनोरा बरोबर पूर्वेला, त्यामुळे सकाळी साडेअकरापर्यंत वाफ्यावर त्याची सावली. मार्चमध्ये राल्काबाईंनी तालुक्याला तक्रार पाठवली. सोबत तक्ता जोडला: दर अर्ध्या तासाला वाफ्याचा किती भाग सावलीत. त्यांना वाटलं होतं, वरचे चार-पाच मीटर उतरवायला सांगतील. पाच ऑगस्टला पुलाच्या दारावर आदेश चिकटला: बांधकाम संपूर्ण पाडण्यात येईल, दिनांक १९ सप्टेंबर.

"संपूर्ण" हा शब्द राल्काबाईंनी तीनदा वाचला. त्यांनी तो मागितला नव्हता. पण हे बोलणार कोणाला? ग्रोझदानशी त्यांचं बोलणं तीन वर्षांपासून बंद होतं.

त्यात पश्चिमेचा बुरूज. तो त्या वसंतात तीन वेळा ढासळला होता. तिसऱ्या वेळी त्रेंदाफिला आजी बाकावरून ओरडली होती. ती गावातली सगळ्यात म्हातारी. वय एक्क्याण्णव, नवरा गवंडी, सासरा गवंडी.

"ग्रोझदान्या, सावली घाल रे भिंतीत! त्याशिवाय ठरायचा नाही तो!"

"कोणाची घालू आजी? तुमची देता?"

"माझी कशाला, माझी जुनी झाली. चांगली धडधाकट बघ कोणाची तरी. दोऱ्याने मापायची, गुपचूप, त्याला कळता कामा नये. दोरा भिंतीत चिणायचा. भिंत हलणार नाही. माणूस चाळीस दिवसांत जातो, पण भिंत राहते."

सगळे हसले होते. पण गवंड्यांच्या गावात असलं बोलणं हसून संपत नाही. ते माणसाच्या मागे घरी येतं.

बारा ऑगस्टला सकाळी दहा वाजता राल्काबाई वाफ्याच्या कडेला, मनोऱ्याची सावली संपते तिथे उभ्या होत्या. मागे पावलं वाजली. ग्रोझदान. त्यांनी वळून पाहिलं नाही. बोलणं बंद म्हणजे बंद. तो त्यांच्या टाचांपाशी उकिडवा बसला, जमिनीवर दोरा धरला, त्यांच्या सावलीवरून सरकत कुंपणापर्यंत गेला, गाठ मारली, दातांनी दोरा तोडला, काडीला गुंडाळला आणि आला तसा निघून गेला. तोही बोलला नाही, कारण त्याच्याही बाजूने बोलणं बंद होतं.

हे सगळं त्रेंदाफिला आजीने समोरच्या बाकावरून पाहिलं. दुपारपर्यंत गावाने पाहिलं असं समजा. संध्याकाळी ग्रोझदान पश्चिमेच्या बुरुजावर चुना लावताना दिसला. आणि बुरूज चौथ्यांदा पडला नाही.

दुसऱ्या दिवशी राल्काबाईंच्या दारात पहिली बानित्सा आली. पापुद्र्यांची, चीज घातलेली, गरम, ताटभर. मागोमाग आणखी तीन आल्या. आणणाऱ्या बायका दारातच रुमालाने डोळे टिपायच्या आणि "काही नाही हो बाई, जास्तीची झाली होती" म्हणायच्या. एकीने तर जाता जाता भिंतीकडे बोट दाखवलं.

"बाई, तुमची ती मिरच्या भाजायची विजेची भट्टी... कोणाला द्यायचं ठरवलंय का?"

"मी भाजणार आहे तिच्यात मिरच्या," राल्काबाई म्हणाल्या.

"हो हो, भाजा की. भाजून झाल्यावर म्हणते मी."

दहाव्या दिवशी पोस्टमन आला. आभाळ होतं. तो टोपी काढून उभा राहिला.

"बाई, एक सांगायचं होतं. सातवीच्या परीक्षेत भूमितीचा पेपर मी नक्कल करून सोडवला होता."

"माहीत आहे मला. ज्याची नक्कल केलीस त्याचं उत्तर चुकलं होतं. तुझंही चुकलं."

"मग पास कसं केलंत?"

"चूक व्यवस्थित लिहिली होतीस. टपाल दे आणि जा."

विसाव्या दिवशी कुन्चो आला. गावात कोणी गेलं की त्याचं पत्रक कुन्चोच छापून आणायचा. फोटो, नाव, वय, दोन ओळी. ते दारावर, खांबावर, बसथांब्यावर लागायचं. त्याने खिशातून घडी केलेला कागद काढला आणि टेबलावर ठेवून खिडकीबाहेर बघत राहिला.

"बाई, घाईघाईत छापलं की चुका राहतात. म्हटलं तुम्ही स्वतःच एकदा नजर घाला. तुम्हाला चुका आवडत नाहीत, म्हणून."

राल्काबाईंनी लाल पेन काढलं. वय एक वर्षाने जास्त लागलं होतं. "विद्यार्थीप्रिय" या शब्दापुढे त्यांनी प्रश्नचिन्ह टाकलं. फोटो वीस वर्षांपूर्वीचा होता. तो तसाच राहू दिला.

कुन्चो गेल्यावर मात्र त्या बराच वेळ खुर्चीतून उठल्या नाहीत. गुडघा दुखत होता. तो सहा वर्षांपासून दुखत होता, पण आज त्यांनी तारखेसह लक्षात ठेवला. श्वासही जरा आखूड वाटला. त्यांनी नाडी मोजली: बहात्तर. परत मोजली: अठ्ठ्याहत्तर. तिसऱ्यांदा मोजायची नाही असं ठरवलं.

ग्रोझदानला सरळ विचारलं असतं तर? एका वाक्याचं काम. पण ते वाक्य कसं म्हणायचं? "माझी सावली तू भिंतीत घातलीस का?" एकेचाळीस वर्षं फळ्यासमोर उभी राहिलेली बाई हे विचारणार, तर मग त्या एकेचाळीस वर्षांचं काय? न विचारावं तर मनात घड्याळाची टकटक. गावात तर आता दोन तट पडले होते. कुन्चोचं म्हणणं, किल्ला पाडला की सावली सुटेल आणि बाई वाचतील. त्रेंदाफिला आजीचं म्हणणं उलट: भिंत पडली की सावली भिंतीबरोबर जाणार, आणि सावलीबरोबर बाई.

"मग आजी, एकोणीस तारखेला पाडला तर बाई एकोणीसलाच जाणार, की एकवीसला?" कुन्चोने विचारलं.

"जी आधीची असेल ती," आजी म्हणाली.

अठरा सप्टेंबर. राल्काबाईंच्या हिशेबात सदतिसावा दिवस. सकाळी पावणेदहाला त्या पाटावरच्या पुलावर उभ्या राहिल्या. पूल खाली होता.

"ग्रोझदान!"

वरून छिन्नीचा आवाज येत होता. तो थांबला. बसच्या खिडकीतून पांढरं डोकं बाहेर आलं.

"कोण, राल्के? बोलणं सुरू झालं का आपलं?"

"तात्पुरतं. वर यायचंय मला."

"ये की. कठड्याला धर. तिसऱ्या मजल्यावरची तांबडी टोचते, तिच्याकडे बघू नकोस."

चौऱ्याऐंशी पायऱ्या. राल्काबाईंनी मोजल्या. गुडघ्याने दर दहा पायऱ्यांना हजेरी दिली. वर पोचल्या तेव्हा ग्रोझदान पांढऱ्या धुळीत बसला होता. पूर्वेच्या भिंतीत गाडीच्या चाकाएवढं गोल भोक आधीच पडलेलं होतं. समोर पश्चिमेच्या भिंतीत तेवढंच दुसरं, आणि त्यात शेवटचा एक दगड शिल्लक होता.

"हे काय करतोयस?"

"भोक."

"उद्या पाडणारेत तुझा किल्ला आणि आज तू त्याला भोक पाडतोयस?"

"उद्याचं उद्या. मिरच्यांना ऊन आज नाहीये." त्याने छिन्नीने खाली वाफ्याकडे दाखवलं. "तुझा तो तक्ता मी वाचला. आदेशासोबत जोडला होता त्यांनी. बरोबर आहे, अगदी बरोबर, फक्त साडेनऊची ओळ तू जरा माझ्या विरोधात लिहिलीस. मला वरून सावली दिसते राल्के, पण ती कोणाच्या डोक्यावर पडते ते कळत नाही. मग खाली येऊन मापलं. दहा वाजता तुझ्याकडे किती ऊन उरतं? दोरा धरला. सावली संपते तिथपासून कुंपणापर्यंत. दोन मीटरपेक्षा जरा जास्त. मला लाज वाटली."

राल्काबाई खाली बसल्या. बसायला एक उलटी पाटी होती.

"म्हणजे तू ऊन मापत होतास."

"मग काय मापणार?"

"माझी सावली होती त्याच जागी."

"असेल. तू मध्येच उभी होतीस, हलत नव्हतीस. बाजूला हो म्हणावं तर बोलणं बंद." मग त्याने मान वर केली. काहीतरी त्याच्या डोक्यात हळूहळू चढत होतं, क्रेनवरचं ओझं चढावं तसं. "अगं बाई. म्हणून तो पोस्टमन मला पाहिलं की झाडामागे जातो?"

"दोरा कुठे आहे?" राल्काबाईंनी विचारलं. आवाज नको तितका बारीक निघाला.

"दोरा? वेल्काला दिला. मिरच्या ओवायला."

त्याने शेवटच्या दगडावर दोन घाव घातले आणि तो आत ओढून घेतला. राल्काबाई उठून भोकाशी गेल्या. खाली वाफा काळपट सावलीत पडला होता, आणि त्याच्या मधोमध उन्हाचं एक गोल ताट ठेवल्यासारखं चमकत होतं. त्यात सात-आठ रोपं होती. लाल दिसत होती.

"किती वेळ टिकतं?"

"पंचवीस मिनिटं. मग सूर्य सरकतो. पुढच्या पंचवीस मिनिटांना दुसरं भोक लागेल. एकूण सहा लागतील, असा हिशेब काढलाय मी. एक झालं, पाच राहिली." त्याने कपाळ पुसलं. "आणि एक. तुझ्या छपरावर उजवीकडून सातवं कौल फुटलंय. तीन वर्षं सांगायचं होतं."

छतातून गळणारं पाणी राल्काबाई तीन वर्षं पातेल्यात धरत होत्या. त्यांनी आपल्या छपराकडे पाहिलं. उजवीकडून सातवं. बरोबर होतं.

उतरून त्या आधी वेल्काकडे गेल्या. भिंतीवर लाल मिरच्यांची माळ टांगलेली होती. दोन्ही टोकांना एकेक गाठ.

"ही मला हवी," राल्काबाई म्हणाल्या.

"घेऊन जा बाई. तुमच्याच उन्हाची आहे म्हणतात," वेल्का म्हणाली. "त्यांचं काय होणार उद्या? परत झाडावर चढले तर या वयात मी बादली ओढणार नाही, सांगून ठेवते."

घरी येऊन राल्काबाईंनी तालुक्याला फोन लावला. तक्रार मागे घ्यायची आहे. पलीकडून उत्तर आलं की तक्रार मागे घेता येते, पण आदेश तक्रारीवर अवलंबून नाही, आदेश आदेशावर अवलंबून आहे. त्या दिवशी त्यांनी आणखी चार फोन केले. चारही ठिकाणी तेच वाक्य मिळालं, फक्त आवाज वेगळे. मग त्यांनी शिवणाची फीत काढली आणि मिरच्यांची माळ टेबलावर सरळ ताणली. गाठीपासून गाठीपर्यंत.

एकोणीस तारखेला सकाळी नऊला यंत्र आलं. सोबत इंजिनियर हाजिएव्ह, हातात फाइल, आणि यंत्रावर चालक इलिन, तोंडात सूर्यफुलाच्या बिया. सगळं गाव जमलं होतं, पण अक्रोडाच्या सावलीत, चेंगराचेंगरी करून. उन्हात एकटे हाजिएव्ह उभे होते.

"साहेब, जरा आत या," त्रेंदाफिला आजी म्हणाली. "उगाच लांबलचक पडलाय तुम्ही."

मनोऱ्यावरून ग्रोझदान खाली आला नव्हता. त्याच्या डोक्याशेजारी दोन कोंबड्या खाली वाकून बघत होत्या. इलिनने इंजिन चालू केलं, मग बंद केलं. बिया थुंकल्या.

"आजी, मघाशी काय म्हणालात? यात सावली आहे?"

"आहे की. सरपंचबाईंची. मी बघितलंय डोळ्यांनी."

इलिन खाली उतरला.

"साहेब, माझ्याने व्हायचं नाही."

"काय व्हायचं नाही?"

"माझा आजा गवंडी होता. सावली असलेल्या भिंतीला हात लावायचा नाही, असं त्याने मरताना सांगितलंय. बाकी काही सांगितलं नाही, एवढंच सांगितलं."

"इलिन, तू डिप्लोमा केलायस!"

"यंत्राचा केलाय, सावलीचा नाही. तुम्ही चालवा, मी किल्ली देतो."

हाजिएव्हांनी किल्लीकडे पाहिलं, यंत्राकडे पाहिलं. मग त्यांची नजर राल्काबाईंवर स्थिरावली आणि चेहरा खुलला. तक्रार त्यांचीच होती, तक्ता त्यांचाच होता.

"बाई, तुम्ही शिकलेल्या. गणिताच्या शिक्षिका. याला एका वाक्यात सांगा की हा खुळेपणा आहे. भिंतीत काही नाही. बस, एवढंच."

राल्काबाईंना उत्तर माहीत होतं. कालच त्यांनी ते फितीने मापलं होतं. उत्तर माहीत असताना चुकीचं सांगणं त्यांनी एकेचाळीस वर्षांत एकदाही केलं नव्हतं. नऊ वाजून वीस मिनिटं झाली होती. वाफा पूर्ण सावलीत होता. उन्हाचं ताट पडायला अजून वेळ होता, आणि त्यानंतर पाच भोकं बाकी होती.

तेवढ्यात वरून आवाज आला.

"काही नाहीये रे भिंतीत! दोरा मिरच्यांत आहे! उगाच त्या पोराची नोकरी—"

"गप बसा हो तुम्ही!" वेल्का खालून कडाडली. कोंबड्या आत गेल्या.

"ऐकलंत?" हाजिएव्ह म्हणाले. "मालक स्वतःच सांगतोय."

"तो एकोणसत्तर वर्षांचा आहे," राल्काबाई म्हणाल्या. त्यांच्या वर्गातल्या मुलाला हा आवाज ओळखीचा होता; पोस्टमन नकळत ताठ उभा राहिला. "आणि एकतीस वर्षं ढगात बसलेला. त्याला काय आठवतंय? सावली कोणाची? माझी. ती कुठे आहे हे मला ठाऊक असणार की त्याला?"

"म्हणजे?"

"म्हणजे आत आहे. पश्चिमेच्या बुरुजात. पाडलात तर जबाबदारी तुमची."

अक्रोडाखाली एक लांब उसासा निघाला. इलिनने टोपी काढली.

"असं मी तालुक्याला जाऊन सांगू?" हाजिएव्हांचा आवाज चिरकला. "फाइलमध्ये काय लावू मी?"

"लेखी देते."

त्यांनी पंचायतीचं दार उघडलं, छापील कागद घेतला आणि सुवाच्य अक्षरात लिहिलं की सदर खुराड्याच्या पश्चिम बुरुजात गावच्या एका रहिवासी महिलेची सावली असल्याने पाडकाम करता येत नाही. खाली वर्णनाच्या रकान्यात लांबीची जागा होती. एकोणीस वर्षांपूर्वी अशीच एक जागा त्यांनी कोरी सोडली होती. या वेळी त्यांनी ती भरली: दोन मीटर आठ सेंटीमीटर. सही, शिक्का.

हाजिएव्हांनी कागद दोनदा वाचला. मापाशी थांबले. खोट्या गोष्टीला कोणी सेंटीमीटर लिहीत नाही, असं काहीतरी त्यांच्या चेहऱ्यावर आलं. कागद फाइलमध्ये गेला. यंत्र आल्या वाटेने परत गेलं. ते कोणी पुन्हा पाठवलं नाही, कारण आता फाइलमध्ये एक कागद होता आणि त्याला उत्तर द्यायला कोणी तयार नव्हतं.

राहिला चाळिसावा दिवस. एकवीस सप्टेंबरला सकाळी गाव नीटनेटके कपडे घालून राल्काबाईंच्या फाटकाशी जमलं. कुन्चोच्या काखेत कागदांची गुंडाळी होती, दुरुस्त केलेली. भट्टी मागणाऱ्या बाईने सोबत पिशवी आणली होती.

आतून खडखड आवाज आला. सगळ्यांनी वर पाहिलं. राल्काबाई शिडीच्या टोकाला होत्या, कंबरेला दोरी, हातात नवं कौल. मनोऱ्यावरून ग्रोझदानचा आवाज येत होता, एकतीस वर्षं बंदरात घुमलेला.

"डावीकडे! अजून डावीकडे! थांब. खाली घे. जरा खाली. सो-ड!"

कौल बसलं.

"हे आठवं आहे ग्रोझदान्या!"

"सातवंच आहे! तू खालून मोजतेयस!"

कुन्चोने गुंडाळी पाठीमागे लपवली. त्रेंदाफिला आजी मात्र वर बघतच नव्हती. ती काठी टेकत अंगणात शिरली आणि जमिनीकडे बघू लागली. तिथे छपराची सावली होती, तिला टेकलेली शिडीची, आणि शिडीवर, हात वर केलेली, राल्काबाईंची. आजीने तिला काठीने एकदा ढोसून पाहिलं.

"आज्जी, ही कशी काय?" भट्टीवाल्या बाईने कुजबुजत विचारलं.

"नवी फुटलीय," आजी म्हणाली. "जरा बुटकी आहे."